दोन तलवारी : कंपनी सरकारच्या दप्तरातील सातारा व सांगली

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीने सातारा व सांगली येथील राज्यकर्त्यांना सन्मानार्थ तलवारी देऊ केल्या. सांगलीचे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांना ती १८४६ साली मिळाली. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्यासाठी १८३५ साली मंजूर झालेली तलवार व प्रशंसापत्र मात्र मुंबई सरकारने अडवून ठेवले. परकीय सत्ता एतद्देशीय राज्यकर्त्यांची प्रतिमा कशी घडवीत असे, याचा शोध या दोन तलवारींच्या आधारे घेता येतो.

१८१९ च्या तहानंतर प्रतापसिंहांनी रस्ते, शहराचा पाणीपुरवठा व शिक्षण यांकडे लक्ष दिले. १८२९ साली महाबळेश्वर इंग्रजांच्या हवाली केले. तोवरच्या इंग्रजी लेखनात ते सुज्ञ व प्रजाहितदक्ष ठरतात. पुढे जहागिरींवरील हक्काचा तंटा निघाला, महाराज तहाच्या कलमांवर बोट ठेवू लागले आणि दप्तराचा सूर पालटला. १८३६ साली गुप्त चौकशी झाली. पलटणीतील हिंदी अंमलदारांना फितवणे, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी व नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधणे, असे आरोप होते. गोव्यातील पोर्तुगीज सत्तेची तत्कालीन दुर्बलता पाहता त्यातील दुसरा आरोप अनुभवी अधिकाऱ्यांनी गंभीरपणे घ्यावा, याचे नवल वाटते. गव्हर्नर कारनॅक यांनी १८३९ साली कबुलीवजा कागदावर सही केल्यास गादी राखण्याची तयारी दर्शविली. महाराजांनी सही नाकारली. ५ सप्टेंबर रोजी ते पदच्युत झाले व त्यांची रवानगी काशीस झाली.

रंगो बापूजी गुप्ते यांनी १८४० पासून लंडनमध्ये पुस्तिका व सभांद्वारे हे प्रकरण मांडले; जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्सन यांनी त्यांची बाजू घेतली. या पुस्तिकांतील निष्कलंक महाराजही वकिली चित्र आहे, हे विसरता येत नाही. परंतु चौकशी मंडळाचे एक सभासद, तत्कालीन रेसिडेंट लॉडविक, यांनीच पुढे महाराजांची बाजू घेतली. ही साक्ष कोणत्याही पुस्तिकेपेक्षा वजनदार मानावी लागते.

सांगलीकरांचा गौरव त्यांच्या अढळ निष्ठेबद्दल झाला. पेशवाईच्या अखेरीस याच चिंतामणरावांनी इंग्रजांच्या लष्करी चाकरीची अट नाकारून त्याबदली मुलूख तोडून दिला होता. तो करारी माणूस स्तुतिपर मजकुरात सापडत नाही. आरोपपत्राची छाननी करणारे आपले अभ्यासक प्रशंसापत्र मात्र तसेच उतरवून घेतात, हा दोष प्रस्तुत लेखकास अधिक गंभीर वाटतो.

प्रतापसिंहांच्या जागी बसविलेले बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांची निष्ठा कंपनीने वारंवार नोंदविली. १८४८ साली त्यांनी मृत्युसमयी दत्तक घेतला. माजी गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचे अनुकूल मत असूनही तो नामंजूर झाला व साताऱ्याचे राज्य खालसा करण्यात आले.