स्पॅनिशमधलं ‘एस्तार’ आणि आपला ‘स्था’ धातू

आजचा भाग एका क्रियापदाच्या इतिहासाचा आहे.

मी शिरूर कासारचा. बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये लागलो आणि सध्या कामासाठी स्पॅनिश शिकतोय. आपण जिथे ‘आहे’ म्हणतो, तिथे स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत : ‘सेर’ आणि ‘एस्तार’. इंग्रजीतून शिकवणारे बहुतेक जण एक सोपा नियम सांगतात. गोष्ट कायमची असेल तर सेर, तात्पुरती असेल तर एस्तार.

हा नियम फार टिकत नाही. शिरूर कासार सिंदफणेच्या काठी आहे. गाव काही उद्या उठून जाणार नाही, तरी स्पॅनिशमध्ये इथे एस्तारच येतं. माणूस वारला, याहून कायमचं काय असणार? तरी ‘एस्ता मुएर्तो’ म्हणतात, म्हणजे पुन्हा एस्तार. असं का, ते इतिहासात सापडतं.

स्पॅनिश ही लॅटिनची लेक. रोमन सैनिक आणि वसाहतवाले जी लॅटिन बोलत स्पेनमध्ये गेले, तिच्यातून ती घडली. लॅटिनमध्ये ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणं. स्पॅनिश जिभेला शब्दाच्या सुरुवातीचा ‘स्त’ जड जातो, म्हणून पुढे ‘ए’ लागला आणि ‘एस्तार’ झालं. आपल्याकडची जुनी माणसं स्टेशनला ‘इस्टेशन’ म्हणतात ना, अगदी तसंच. सेर मात्र दोन क्रियापदांचा मिलाफ आहे. एक ‘असणे’ अर्थाचं, ज्याचं रूप ‘एस्त’, आणि दुसरं ‘सेदेरे’, म्हणजे बसणं.

आता संस्कृत आठवा. ‘एस्त’ म्हणजे आपलं ‘अस्ति’. ‘सेदेरे’ म्हणजे ‘सद्’ धातू, ज्यावरून ‘सदन’ आलं. आणि ‘स्तारे’ म्हणजे ‘स्था’. हे योगायोगाने जुळलेले आवाज नाहीत, ही सगळी एकाच मुळाची भावंडं आहेत.

‘स्था’वरून आपल्याकडे दोन रोजचे शब्द आले : स्थान आणि अवस्था. एस्तारची मुख्य कामंही हीच दोन! वस्तू कुठे उभी आहे, ते स्थान. कशी उभी आहे, ती अवस्था. गाव नदीकाठी आहे, हे स्थान. माणूस मृत आहे, ही अवस्था. कायमचं की तात्पुरतं, हा प्रश्नच उरत नाही. ओळख किंवा मूळ स्वभाव सांगायचा असेल तर सेर.

उदाहरण बघा. ‘सेर लिस्तो’ म्हणजे हुशार असणं, ‘एस्तार लिस्तो’ म्हणजे तयार असणं. ‘सेर आबुर्रिदो’ म्हणजे कंटाळवाणा असणं, ‘एस्तार आबुर्रिदो’ म्हणजे कंटाळलेला असणं. मराठीत हा फरक आपण विशेषणाने दाखवतो, ते क्रियापदाने दाखवतात. एक अपवाद लक्षात ठेवा. लग्न किंवा सभा कुठे आहे हे सांगताना सेर येतं, कारण कार्यक्रम कुठे उभा नसतो, तो घडतो.

आणि हो, ‘आई घरी आहे’ आणि ‘आई घरी असते’ हा आपला भेद म्हणजे सेर-एस्तार नव्हे. दोन्हीकडे एस्तारच लागेल.

हे नातं पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आलं, त्यांतले दोघं आपल्या शेजारी गोव्यातच होते. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये तिथे आला. १५८३ मध्ये त्याने भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची ग्रीक आणि लॅटिनशी सारखी रचना नोंदवली. याच माणसाने पुढे मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं. १५८५ च्या सुमारास फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने ‘सप्त’, ‘अष्ट’, ‘नव’, ‘सर्प’ हे शब्द इटालियनशी ताडून पाहिले. तेव्हा गोव्याचा राजा स्पेनचाच होता, कारण १५८० ते १६४० स्पेन आणि पोर्तुगाल एकाच मुकुटाखाली होते. विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं गाजलेलं भाषण झालं ते त्यानंतर दोनशे वर्षांनी, १७८६ मध्ये.

आपल्या भागाचाही यात एक धागा आहे. १७७८ मध्ये रोममध्ये पोर्तुगीज भाषेतून एक मराठी व्याकरण छापलं गेलं. निजामशाही आणि आदिलशाही मुलखात चालणारी मराठी, असं त्याच्या नावातच म्हटलंय. बीडचा हा पट्टा निजामशाहीतलाच. पोर्तुगीजमध्येही सेर आणि एस्तार ही जोडी आहे. म्हणजे मनात दोन क्रियापदं घेऊन ती माणसं आपलं ‘आहे’ आणि ‘असतो’ शिकायला बसली होती.

आज आपण उलट दिशेने निघालोय, पण वाटेत इंग्रजीच्या नाक्यावर थांबतो. तिथे ‘असणे’साठी एकच क्रियापद, त्यामुळे नियमही तोकडा मिळतो. तालुक्याच्या शाळेत मराठी माध्यमात शिकलेल्या कुणाला वाटत असेल की आधी इंग्रजी पक्कं हवं, मगच दुसरी भाषा, तर त्याला हे जरूर ऐकवा. स्थान आणि अवस्था हे दोन शब्द त्याला आधीच येतात. एस्तारचं निम्मं काम तिथेच झालं.

आज रात्री पाच वाक्यं लिहून बघा : तुमचं गाव, तुमचं नाव, घरातली माणसं कुठे आहेत, कशी आहेत आणि कोण आहेत. प्रत्येकापुढे सेर की एस्तार ते लिहा. पुढच्या भागात भेटू.