अकबराचा खांदा आणि शाळेची लेजीम

मागच्या पावसाळ्यात स्कूटर घसरली आणि माझा उजवा खांदा निखळला. तो त्याच दिवशी बसवला गेला. तीन आठवडे हात झोळीत राहिला, आणि झोळी सुटल्यावर कळलं की हात आता डोक्याच्या वर जातच नाही. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. एक भाषा उजवीकडून सुरू होते, दुसरी डावीकडून, त्यामुळे मला फळ्याची दोन्ही टोकं लागतात. आता फळ्याचा वरचा अर्धा भाग माझ्यासाठी बंद झाला होता. नमाजला उभं राहिलं की तकबीरसाठी दोन्ही हात कानांपर्यंत न्यायचे असतात. डावा जायचा, उजवा छातीशी अडायचा. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी सफच्या अगदी टोकाला उभा राहू लागलो.

फिजिओथेरपीच्या बाईंनी मला रबराचा एक पट्टा दिला. "दाराच्या कडीला बांधा आणि ओढा. खांदा कानाकडे चढू देऊ नका. धनुष्य ओढल्यासारखं करा." पट्टा इतका हलका होता की माझ्या धाकट्या मुलीनं तो हसत हसत ओढला. मला ते लागलं. एवढा मोठा माणूस आणि हे खेळणं? तो पट्टा मी खुंटीला टांगला आणि आठ दिवसांनी, हात आता ठीक आहे असं ठरवून, मोरीतून पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या उचलल्या. त्या रात्री झोप लागली नाही. सुधारणा होती ती गेली आणि मी पुन्हा पहिल्या पायरीवर आलो.

सक्तीच्या विश्रांतीत बाईंचे ते शब्द मात्र डोक्यात राहिले : धनुष्य ओढल्यासारखं. इतिहास वाचणं हा माझा जुना नाद. मनात आलं, ज्यांचं सगळं आयुष्यच धनुष्य ओढण्यावर उभं होतं, त्या तिरंदाजांचा आणि शिकाऱ्यांचा खांदा गेला की ते काय करत असतील?

प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. बंदुकीत जोर दारूचा असतो. धनुष्यात तो माणसाचा असतो. एक हात धनुष्य पुढे ढकलतो, दुसरा दोरी मागे खेचतो, आणि हा सगळा ताण खांद्यांतून पाठीच्या फऱ्यांवर जातो. त्यात खांद्याचा सांधा मुळातच उथळ. बाहूच्या हाडाचा गोल माथा एका छोट्याशा बशीत बसलेला असतो आणि त्याला जागेवर ठेवण्याचं काम मुख्यतः भोवतीचे स्नायू करतात. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच तो इतक्या सहज निखळतो. शिकाऱ्याला शिवाय हे सगळं आवाज न करता, कधी धावत्या घोड्यावरून आणि सावज दिसलेल्या त्या एका क्षणात करायचं असतं. दुखरा खांदा नेमका त्याच क्षणी कचरतो.

शोधता शोधता मी पोचलो दिल्लीला, जानेवारी १५६४ मध्ये. बादशहा अकबर तेव्हा एकवीस वर्षांचा होता. हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याची जियारत करून तो परतत होता. वाटेत माहम अनगानं बांधलेला मदरसा लागतो, खैरुल मनाज़िल. पुराना किल्ल्यासमोर मथुरा रोडवर तो आजही उभा आहे. शिक्षकांच्या सहलीत मी तो पाहिला होता, तेव्हा ही गोष्ट मला माहीत नव्हती. त्या मदरशाच्या वरून एक बाण सुटला आणि अकबराच्या खांद्यात घुसला. सोडणारा होता फौलाद, मिर्झा शरफुद्दीन हुसेन या बंडखोर सरदाराचा गुलाम.

लोकांनी फौलादला पकडलं. त्याला जिवंत ठेवून, छळून, कटात कोण कोण आहे ते वदवून घ्यावं असं दरबाऱ्यांचं मत पडलं. अबुल फजल सांगतो की अकबरानं ते नाकारलं. असा माणूस कुणाचंही नाव घेईल आणि निष्ठावंत लोकही संशयात अडकतील, म्हणून त्याला तिथेच संपवा, असा हुकूम झाला. बदायूनी मात्र याच घटनेला वेगळी पार्श्वभूमी देतो. त्या दिवसांत अकबर दिल्लीच्या प्रतिष्ठित घराण्यांतल्या स्त्रियांशी विवाह जुळवू पाहत होता, एका विवाहितेला तर त्यासाठी नवऱ्याकडून तलाक घ्यायला लावला होता, आणि शहर त्यामुळे संतापलेलं होतं, असं तो लिहितो. एकच बाण, पण दरबारी इतिहासकार त्यात बादशहाचा मोठेपणा पाहतो आणि टीकाकार बादशहाला मिळालेला इशारा पाहतो. वर्गात मी मुलांना नेहमी सांगतो की इतिहास वाचताना दोन्ही खिडक्या उघड्या ठेवा. इथेही तेच करायला हवं.

बादशहावर हकीम ऐनुल्मुल्क यांनी उपचार केले. थोड्याच दिवसांत जखम भरत आली आणि अकबर आग्र्याला निघाला, पण पालखीतून. या तपशिलापाशी मी थांबलो. मस्तवाल हत्तींवर स्वतः स्वार होण्यासाठी प्रसिद्ध असलेला हा तरुण. भर दिल्लीत त्याच्यावर हल्ला झालेला. अशा वेळी घोड्यावर बसून शहरातून मिरवणं राजकारणाच्या दृष्टीनं किती मोहाचं असेल! तरी तो पालखीत बसला. मी आठव्या दिवशी बादल्या उचलल्या होत्या.

हकीमांच्या हाताशी तोवर कित्येक शतकांचं ज्ञान होतं. कोर्डोबाजवळच्या मदिनतुज़्ज़हराचे अबुल कासिम अल-ज़हरावी यांचं निधन १०१३ च्या सुमारास झालं. त्यांच्या 'अत-तसरीफ' या ग्रंथाचे तीस भाग आहेत आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात निखळलेला खांदा कसा बसवावा, बसवल्यावर कसा बांधावा, हे आहे. वारंवार निखळणाऱ्या खांद्याला डाग देण्याचा उपायही आहे. हा उपाय त्याच्याही आधी ग्रीक वैद्यांना माहीत होता. आज अंगावर काटा येतो, पण त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे : सैल पडलेला भाग आक्रसावा आणि हाडाला पुन्हा बाहेर यायला वाट मिळू नये.

हाड बसवणं हकीमांच्या हातात होतं. त्यानंतरचं काम उस्तादांचं असे. तिरंदाजीवर अरबी, फारसी आणि तुर्की भाषांत मोठं लेखन झालं आहे. चौदाव्या शतकात मामलूक राजवटीतल्या तैबुग़ा या तिरंदाजानं शिकणाऱ्यांसाठी लिहिलेला ग्रंथ तर आज इंग्रजीतही वाचता येतो. या परंपरेत एक धडा कायम पहिला असतो : धनुष्य आपल्या ताकदीपेक्षा जड नको. उस्मानी तुर्कांकडे नवशिक्याच्या हातात लगेच बाण देत नसत. आधी एक अगदी मऊ, हलकं धनुष्य मिळे. बाण न लावता ते रोज शेकडो वेळा ओढायचं, मग थोडं कडक, मग आणखी कडक. शेवटी उस्ताद समारंभानं धनुष्याची मूठ हातात देत, तेव्हा तो तिरंदाज ठरे. त्या मुठीला म्हणत 'कब्ज़ा'. होय, आपण शेतावर किंवा घरावर मिळवतो तोच कब्जा.

त्या हलक्या धनुष्याचं तुर्की नाव 'केपाज़े'. आजच्या तुर्की भाषेत या शब्दाचा अर्थ आहे हास्यास्पद, लाजिरवाणा, ज्याचं हसं झालं असा. कुणीही ओढावं असं ते धनुष्य, म्हणून त्याची किंमत शून्य. पण त्याच्यावाचून एकही तिरंदाज तयार झाला नाही. रबराच्या पट्ट्याकडे पाहून मला जे वाटलं होतं, त्याला तुर्कांनी आधीच शब्द देऊन ठेवला होता.

हाच शब्द फारसीत 'कबादा'. इराणच्या ज़ोरखान्यांत दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेलं धनुष्य पहिलवान आजही डोक्यावर धरून घुमवतात, तो कबादा. आणि अशा सरावाच्या धनुष्याला फारसीत आणखी एक नाव आहे : लेज़म.

मी पुस्तक मिटलं. खिडकीबाहेर मैदानात पाचवीच्या मुली ओळीत उभ्या होत्या आणि पीटीचे सर शिट्टी वाजवत होते. मुलींच्या हातात होत्या लेजमी. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, साखळीत झांजा. चाळीस वर्षं मी ही वस्तू पाहतोय. गणपतीच्या मिरवणुकीत, पंधरा ऑगस्टला, जत्रेत. ते एक धनुष्य आहे हे कधी दिसलंच नव्हतं. तालमीत लेजमीनं व्यायाम होई तो याच कारणानं : खांदे, दंड, फरे, म्हणजे नेमके तिरंदाजाचे अवयव. धनुष्यबाणाचा काळ गेला, बंदुका आल्या, पण सरावाचं धनुष्य तालमीत राहिलं. पुढे त्याला ताल आला, झांजा आल्या आणि ते रस्त्यावर आलं. बडोद्याला उस्ताद जुम्मादादांच्या नावानं व्यायाममंदिर चालवणारे त्यांचे शिष्य प्राध्यापक माणिकराव यांनी लेजमीला सामूहिक कवायतीत आणलं. हे माणिकराव हाडवैद्य म्हणूनही नावाजलेले होते. मोडलेलं हाड आणि ओढायची साखळी, दोन्ही एकाच माणसाच्या हाताखाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पीटीच्या सरांकडून एक जुनी लेजीम मागून घेतली. फिजिओच्या बाईंना दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन तोलली आणि म्हणाल्या, "चालेल, पण एक महिन्यानंतर. आधी पट्टा." मी खुंटीवरून पट्टा काढला.

अकबराचं पुढे काय झालं? मार्च १५६७ मध्ये लाहोरजवळ त्यानं मोठी कमरगा शिकार केली. कमरगा म्हणजे हजारो हाकाऱ्यांनी कित्येक दिवस रान वेढत आणायचं आणि सगळी जनावरं एका कड्यात कोंडायची. हा रिवाज मध्य आशियातून मुघलांबरोबर आला होता. त्या कड्यात अकबर पाच दिवस शिकार करत होता. तलवार, भाला, बंदूक, फास आणि धनुष्यबाण, सगळं वापरून. दिल्लीतल्या जखमेनंतरची ही तीन वर्षं. फास फेकायला आणि धनुष्य ओढायला खांदा पूर्ण मोकळा लागतो, म्हणजे तो तोवर मोकळा झाला होता. या दोन्ही घटनांची चित्रं अकबरनाम्यात आहेत आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ती पाहायला मिळतात. पुढे अकबराचा ओढा बंदुकीकडे वाढला. 'संग्राम' नावाची त्याची आवडती बंदूक प्रसिद्धच आहे. पण त्याचं कारण जुना खांदा होता असं म्हणणं म्हणजे इतिहासाच्या तोंडी आपले शब्द घालणं होईल. त्या काळी सगळं जगच बंदुकीकडे वळत होतं.

सगळ्यांचा शेवट असा मोकळा होत नाही. अकबराचा पूर्वज तैमूर तरुणपणी सीस्तानात बाणांनी जखमी झाला. उजवा पाय आणि उजवा हात जन्मभर अधू राहिले. शत्रूंनी त्याला 'लंग' म्हणजे लंगडा म्हटलं आणि जगानं तेच नाव ठेवलं. १९४१ मध्ये समरकंदला त्याची कबर उघडली, तेव्हा त्या जुन्या दुखापती हाडांवर दिसल्या. आजचे धनुर्धारी शिकारी त्या मानानं सुदैवी. जिथे धनुष्यानं शिकार करायला कायद्यानं परवानगी आहे, त्या अमेरिकेत १९६९ साली होलेस विल्बर ॲलन यांना कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं. पूर्ण ओढल्यावर त्याचा ताण बराच उतरतो आणि नेम धरून थांबता येतं. खांदा दुखावलेल्या किती तरी शिकाऱ्यांचं धनुष्य त्यामुळे सुटलं नाही. मात्र त्यांनाही आधी वजन उतरवावं लागतं, आणि तिथेही अडचण बहुधा तीच असते : मित्रांसमोर हलकं धनुष्य घ्यायचं कसं?

अकबराच्या गोष्टीला आणखी एक टोक आहे. १५७८ मध्ये पंजाबात भेऱ्याजवळ अशीच एक कमरगा चालू होती. कडं आवळत आलं होतं. अचानक अकबरानं शिकार थांबवली आणि एकाही जनावराला हात लावू नका असा हुकूम दिला. त्याला त्या क्षणी काय जाणवलं, यावर इतिहासकार आजही लिहितात. माझ्यापुरतं एवढंच की खांदा धड असताना त्यानं हात आवरला. हात चालत नाही म्हणून थांबणं वेगळं आणि चालत असताना थांबणं वेगळं. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, याचा मला आनंदच आहे. धनुष्याची विद्या मात्र जनावर मारण्याहून मोठी होती. तिनं शरीर घडवण्याची एक रीत मागे ठेवली आणि ती आपल्या पोरांच्या हातात झांजा वाजवतेय.

आता हात कानाच्या पाळीच्या चार बोटं खाली पोचतो. पुढे जाईल की नाही, बाई काही बोलत नाहीत. फळ्याच्या वरच्या ओळी सहावीचा एक उंच मुलगा लिहितो. त्याचं मराठी अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मला या निमित्तानं कळलं. शनिवारी सकाळी पाचवीच्या मुलींच्या शेवटच्या रांगेत मीही लेजीम घेऊन उभा असतो. पहिल्या दिवशी मुली खूप हसल्या. एकीनं विचारलं, "सर, तुमची साखळी पूर्ण का उघडत नाही?" मी म्हटलं, "उघडेल. तू मोज, आज किती बोटं उघडली ते." तेव्हापासून दर शनिवारी ती मोजते आणि आकडा वहीत लिहून ठेवते. नमाजला मी आता सफच्या टोकाला जात नाही, जागा मिळेल तिथे उभा राहतो.