बिनसनदी ठिगळ

संगणकप्रणालीतील दोष तिच्या निर्मात्याआधी हल्लेखोराच्या हाती लागावा आणि दुरुस्ती येईपर्यंत वापरणाऱ्याने हात बांधून बसावे, हा प्रकार नवा नव्हता. तथापि त्या मधल्या मुदतीत दुरुस्तीचा अखत्यार कोणाचा, हा प्रश्न २००५ सालच्या अखेरच्या आठवड्यात फार निकडीने पुढे आला. २७ डिसेंबरला विंडोजमधील असाच एक दोष उघडकीस आला, तेव्हा त्याचा गैरवापर सुरू झालेलाच होता. ‘डब्ल्यूएमएफ’ या जुन्या चित्रप्रकारात, छपाई मध्येच रद्द झाल्यास काय करावे याचा आदेश चित्रातच ठेवण्याची सोय होती. विंडोजच्या आरंभीच्या काळात, चित्रे परमुलखातून येत नसत तोवर, ती सोय निरुपद्रवी ठरली, परंतु आता वेबपानावरचे चित्र नुसते पाहिले तरी त्यात दडवलेला परका आदेश बिनतक्रार अमलात येई.

मायक्रोसॉफ्टने दुरुस्तीसाठी १० जानेवारी ही मासिक रतीबाची तारीख मुक्रर केली. इकडे ‘आयडीए प्रो’ या यंत्रसंकेत उलगडणाऱ्या साधनाचे कर्ते, बेल्जियममधील इल्फाक गिल्फानोव यांनी ३१ डिसेंबरलाच स्वतःचे ठिगळ प्रसिद्ध केले. मूळ फायलींना हात न लावता, प्रत्येक प्रोग्रॅम चालू होताना स्मृतीत शिरून तो एकच घातक आदेश नाकारायचा आणि चित्रे पूर्ववत दिसू द्यायची, एवढीच त्याची करामत. शिवाय अधिकृत दुरुस्ती येताच ते काढून टाकावे, असे कर्त्याचेच सांगणे होते. सॅन्स संस्थेच्या ‘इंटरनेट स्टॉर्म सेंटर’ने त्याची छाननी करून खातरजमा झाल्यावर शिफारस केली, आणि मागणाऱ्यांच्या गर्दीने गिल्फानोव यांचे संकेतस्थळच बंद पडले.

मायक्रोसॉफ्टने परक्या दुरुस्तीपासून दूर राहण्याचा सल्ला दिला, तो केवळ अहंकारापोटी असे मला वाटत नाही. नाना भाषांतील आवृत्त्यांवर आणि असंख्य प्रोग्रॅमांशी मेळ घालून चाचणी घेण्याची जोखीम शेवटी तिच्याच शिरावर होती. मात्र मुदतीचा आग्रह टिकला नाही: अधिकृत ठिगळ ५ जानेवारी २००६ रोजीच आले.

त्याच वर्षी सप्टेंबरात ‘व्हीएमएल’ या दुसऱ्या चित्रपद्धतीत असाच दोष निघाला, तेव्हा गिल्फानोव ज्यात होते त्या ‘झर्ट’ या स्वयंसेवकांच्या गटाने आपले ठिगळ पुढे केले. मायक्रोसॉफ्टचे २६ तारखेला आले, तेही रतीबाचा दिवस उजाडण्यापूर्वीच.