मॉरिशसच्या दारात

मॉरिशसला मी पहिल्यांदा गेलो २०११ साली. जाण्याआधी सगळ्यांनी सांगितलं होतं, भारतीयांना तिथे आगाऊ व्हिसाची कटकट नाही. पासपोर्ट, परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे एवढं जवळ असलं की झालं. तसंच झालं. विमानतळावर आरोग्य खात्याचा एक फॉर्म भरून दिला, शिक्का पडला, आम्ही बाहेर.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र आमच्या मुक्कामी एक आरोग्य कर्मचारी हजर! हातात यादी, खांद्याला पिशवी. ‘भारतातून आलात ना? मलेरियाच्या तपासणीसाठी रक्त हवंय.’ त्याने बोटाला सुई टोचली, काचेच्या पट्टीवर थेंब घेतला. खरं सांगायचं तर मला राग आला. शेजारच्या खोलीतल्या फ्रेंच जोडप्याला कुणी काही विचारलं नव्हतं. घरमालक मराठी, चार पिढ्यांपूर्वी त्यांचे लोक कोकणातून तिकडे गेलेले. क्रिओल मिसळलेल्या मराठीत ते म्हणाले, ‘रागावू नका. आमच्या माणसांना या दारात काय काय झालं, ते आधी बघून या.’

म्हणून पोर्ट लुईच्या बंदरातल्या आप्रवासी घाटावर गेलो. दगडी बांधकामाचा थोडा भाग आणि त्या प्रसिद्ध सोळा पायऱ्या एवढंच आता उरलं आहे. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. १८३४ पासून पुढे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांवर भारतीय उसाच्या मळ्यांसाठी इथे उतरले. बहुतेक कोलकात्याहून, बरेच मद्रासहून, आणि थोडे मुंबईहून. त्या थोड्यांत आपले रत्नागिरी-साताऱ्याकडचे लोक. घाटावर नाव, गाव, जात, वय, अंगावरची खूण लिहून घेत आणि प्रत्येकाला एक नंबर देत. हे सगळं दप्तर मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेलं आहे. नंतरच्या वर्षांतले फोटोही आहेत. तिथले लोक आजही आपली कुळी शोधायला तेच दप्तर उघडतात.

पण घाटावर पोहोचण्याआधी आणखी एक दार असे. ते म्हणजे क्वारंटाइन. १८५४ च्या पटकीने बेटावर हजारो माणसं मेली होती आणि पोर्ट लुईचे नागरिक धास्तावले होते. जानेवारी १८५६ मध्ये कोलकात्याहून ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ ही दोन जहाजं आली. पटकीचा संशय होता. लोकांच्या ओरडीपुढे सरकारने त्या सुमारे सातशे मजुरांना उत्तरेकडच्या गॅब्रिएल नावाच्या चिमुकल्या बेटावर उतरवलं. तिथे ना धड निवारा, ना पुरेसं पाणी, ना औषधपाणी. दोनशेहून अधिक माणसं मेली. भारतातल्या सरकारने त्यानंतर मॉरिशसला मजूर पाठवणं काही काळ थांबवलं, म्हणजे प्रकरण किती गंभीर मानलं गेलं असेल पाहा. पुढे शेजारच्या फ्लॅट आयलंडवर कायमचं क्वारंटाइन केंद्र बांधलं गेलं.

आज गॅब्रिएलला पर्यटकांच्या कॅटमरान बोटी जातात. पांढरी वाळू, भाजलेले मासे, संगीत. मीही गेलो होतो, मजाही केली. किनाऱ्यावर त्या माणसांची आठवण सांगणारं काही मला दिसलं नाही.

आता त्या रक्ताच्या थेंबाकडे येतो. १८६५ पर्यंत मॉरिशस मलेरियामुक्त समजलं जाई. आजारी गोरे साहेब तिथे हवापालटाला जात. मग ताप आला. एकट्या १८६७ साली तीस हजारांहून अधिक माणसं दगावली, आणि बेटाची वस्ती होती साडेतीन लाखांच्या आसपास. ज्यांना परवडलं त्यांनी पोर्ट लुई सोडून क्युरपिपच्या थंड पठारावर घरं बांधली. ती शहरं वाढली ती अशी. दोष अर्थातच भारतीय मजुरांवर आला. तापाचा जंतू त्यांच्या रक्तातून आला असणं शक्य आहे. पण तो पसरवणारे डास आफ्रिकेकडच्या जातीचे होते. जहाजातून डास उतरतात हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार? त्याच १८६७ साली कायदा झाला, की करार संपलेल्या मजुरानेही फोटो लावलेलं तिकीट आणि पोलिसाचा पास सतत जवळ बाळगायचा. नसला तर तुरुंग. ताप माणसांमुळे येतो असं वाटलं की माणसांनाच कोंडतात.

डासाचा गुन्हा सिकंदराबादला १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी उघडकीस आणला. तेच रॉस १९०७ च्या अखेरीस मॉरिशसला आले, तीन महिने दलदली आणि ओढे पाहत हिंडले आणि पाणी वाहतं ठेवण्याच्या सूचना करून गेले. खरा उतार पडला तो १९४९ नंतर, डीडीटीच्या फवारणीने. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बेट मलेरियामुक्त ठरवलं. आणि दोनच वर्षांत, मोठ्या चक्रीवादळानंतर, मलेरिया परत आला! १९८२ साली सहाशेहून अधिक रुग्ण झाले. दुसऱ्यांदा लढून त्यांनी तो घालवला. १९९८ पासून तिथे स्थानिक लागण नाही. डास मात्र आहेत. म्हणजे बाहेरून एक रुग्ण यायचा अवकाश.

हे कळल्यावर माझा राग ओसरला, पूर्ण गेला असं म्हणत नाही. पण गॅब्रिएलवर माणसांना सोडून देणं वेगळं, आणि घरी येऊन रक्त तपासणं, आजार निघाला तर औषध देणं वेगळं. एक जाता जाता सांगतो: मलेरिया नसला तरी चिकुनगुन्या आणि डेंग्यू तिथे येऊन गेले आहेत. २००५-०६ ची चिकुनगुन्याची साथ मोठी होती. तेव्हा जाणाऱ्यांनी डासांचं मलम आणि लांब बाह्यांचे कपडे जरूर न्यावेत.

२०१७ मध्ये मी पुन्हा गेलो. याही वेळी कर्मचारी आला. मी न सांगता बोट पुढे केलं आणि चहाला थांबायचा आग्रह केला. तो थांबला नाही. दुपारपर्यंत त्याला आणखी अकरा पत्ते गाठायचे होते.