बारा फोटोंचा जमाखर्च

दिग्रसपासून समुद्र पाचशे किलोमीटरांहून लांब. त्यामुळे आमच्याकडे समुद्र पाहण्यापेक्षा तो पाहिल्याचा पुरावा महत्त्वाचा. बँकेत चिकटल्यावर मलाही पटलं, व्हाउचरशिवाय काही खरं नसतं!

या व्हाउचरचा इतिहास जुना आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. पण तेव्हा फोटो काढणं म्हणजे तिवई, काचा, रसायनं असं अख्खं बिऱ्हाड हलवणं. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला नि हौशी माणूस सुट्टीवर कॅमेरा नेऊ लागला. जर्मनांची तऱ्हा न्यारी. तिकडे किनाऱ्यावर पांढऱ्या अस्वलाचं सोंग घेतलेला माणूस पाहुण्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटोला उभा राही. आपल्याकडे अस्वलाची गरज नव्हती. सोबत मामा असत.

पुढे बडोद्यात तयार होणारा आग्फाचा 'क्लिक थ्री' आला. एका रोलात बारा फोटो! १९८६ साली वडिलांनी तो उसना आणला नि आम्हांला जुहूला नेलं. "सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा," म्हणून भल्या सकाळी उभं केलं. साऱ्या फोटोंत आमचे डोळे मिटलेले, मागे समुद्र पांढराफटक.

वडील मात्र एकाही फोटोत नाहीत. जमाखर्चात कायम एक माणूस कमी. ते गेल्यावर अल्बम उघडला, तर बाराव्या फोटोत आमच्या पायांशी वाळूवर एक लांब सावली दिसली, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली.

तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. हिशेब जुळला.