एक भिंग कीं अनेक?

छायाचित्रकारांच्या बैठकींत एक वाद नेहमीं रंगतो. प्रवासास निघतांना दूरचें व जवळचें सारें टिपणारें एकच झूम भिंग घ्यावें, कीं तीनचार निरनिराळीं भिंगें पिशवींत भरून खांद्याला ओझें लावावें? वरवर पाहतां हा केवळ सोयीचा प्रश्न वाटतो. पण त्याच्या मुळाशीं उजेडाचा हिशेब आहे, आणि तो जुळविण्यांत शंभराहून अधिक वर्षें खर्चीं पडलीं आहेत.

दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जेवढ्या अंतरावर स्पष्ट उमटते, तें त्या भिंगाचें नाभीय अंतर होय. साध्या भिंगाचें हें अंतर ठरलेलें असतें. तें थोडें असलें म्हणजे विस्तीर्ण देखावा लहान होऊन चौकटींत सामावतो; अधिक असलें म्हणजे दूरची वस्तु मोठी दिसते, परंतु भोंवतालचें जग बाहेर राहतें. एकोणिसाव्या शतकांत या अडचणीवर फ्रान्समध्यें मोठा मौजेचा तोडगा निघाला. पितळेची एक नळी आणि तिच्या जोडीला पेटींत मांडलेलीं निरनिराळीं भिंगें, असे संच विकत मिळूं लागले. वैद्यानें बटव्यांतून मात्रा काढावी, तसें हवें तें भिंग काढून नळींत बसवावयाचें!

१९२५ मध्यें जर्मनींतील वेट्झलार येथील लाइट्झ यांच्या कारखान्यानें ऑस्कर बार्नाक याच्या कल्पनेंतून निर्माण झालेला लायका कॅमेरा बाजारांत आणला, तेव्हां त्याचें भिंग कायमचें जडविलेलें होतें. १९३० पासून तें बदलतां येऊं लागलें; ३५, ५० आणि १३५ मिलिमीटरचीं भिंगें आलटूनपालटून वापरण्याची सोय झाली. पण भिंग बदलीत बसणाऱ्यासाठीं समोरची घटना थोडीच थांबते? प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीं या पेंचांतून स्वतःपुरती वाट काढली. बहुतेक सारें काम त्यांनीं ५० मिलिमीटरच्या भिंगावर भागविलें आणि जवळ-दूरचा प्रश्न आपल्या पायांवर सोंपविला.

मग नाभीय अंतर बदलतें असलेलें एकच भिंग कां करूं नये? कल्पना नवी नव्हती. अमेरिकेंत १९०२ मध्येंच तिचें पेटंट निघालें होतें, आणि १९३२ मध्यें चित्रपटांच्या कॅमेऱ्यासाठीं ४० ते १२० मिलिमीटरचें ‘कुक व्हॅरो’ भिंग तयार झालें. अडचण निराळीच होती. काच आणि हवा जेथें भेटतात, त्या प्रत्येक पृष्ठभागावर शेंकडा सुमारें ४ भाग प्रकाश परत फिरतो. झाइस कंपनीच्या टेसार भिंगांत काचा चार. त्यांतील दोन एकमेकींस चिकटविलेल्या, म्हणून हवेला लागणारे पृष्ठभाग अवघे सहा. त्यांतून शेंकडा ७८ भाग प्रकाश पलीकडे पोहोंचतो. झूम भिंगांत असे वीसबावीस पृष्ठभाग सहज होतात, आणि २२ पृष्ठभागांतून जेमतेम ४१ भाग उरतो! बरें, वाया गेलेला प्रकाश मुकाट्यानें निघून जाईल तर शपथ! त्यांतील पुष्कळसा नळींतच इकडून तिकडे आपटतो आणि चित्रावर धुक्यासारखा पडदा धरतो. १९३५ मध्यें झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यानें काचेवर अत्यंत पातळ लेप देऊन हें परावर्तन कमी करण्याची युक्ति काढली. झूम भिंगाचें भाग्य खरें उघडलें तें या लेपामुळें; एरव्हीं कारागिरांचें सारें कौशल्य त्या धुक्यांत बुडालें असतें.

दुसरी अडचण यांत्रिक. आंतील काचा सरकल्या कीं प्रतिमाही जागची हलते आणि अस्पष्ट होते. व्हिएन्नाहून अमेरिकेंत गेलेल्या डॉ. फ्रँक बॅक यानें सरकणाऱ्या काचा एकत्र जखडून अशी रचना साधली कीं, एकीनें केलेली चूक दुसरीनें बव्हंशीं भरून काढावी. त्याचें ‘झूमार’ भिंग प्रथम टेलिव्हिजनच्या कामीं आलें; पुढें १९५९ मध्यें फॉइग्टलेंडर कंपनीनें ३६ ते ८२ मिलिमीटरचें झूमार साध्या छायाचित्रांच्या कॅमेऱ्यासाठीं विक्रीस आणलें. त्यांत १४ काचा होत्या. त्याचें तोंड एफ/२.८, पण त्या वेळीं ५० मिलिमीटरचीं एफ/२ चीं भिंगें सर्रास मिळत, आणि तीं दुप्पट प्रकाश घेत. सोयीची किंमत पडत होती ती अशी. १९६३ मध्यें निकॉननें ४३ ते ८६ मिलिमीटरचें झूम काढलें. तें लोकांनीं उचलून धरलें, तरी त्याच्या चित्रांत इमारतींच्या सरळ कडा वांकड्या येतात ही तक्रार त्याला कायमची चिकटली.

या वादांतील दोन्ही पक्ष एकाच कलाकृतींत पाहावयाचे तर स्टॅन्ली क्यूब्रिक यांचा १९७५ चा ‘बॅरी लिंडन’ हा चित्रपट पाहावा. नटाच्या मुखावरून हळूहळू मागें सरत अवघें रान आणि आकाश उघडून दाखविणारीं त्यांतील दृश्यें २४ ते ४८० मिलिमीटरच्या एका अजस्र झूम भिंगानें टिपलेलीं आहेत. मेणबत्त्यांच्या उजेडांतील दिवाणखान्यांत मात्र तें भिंग आंधळें ठरलें असतें. तेथें नासासाठीं झाइसनें बनविलेलें ५० मिलिमीटरचें एफ/०.७ भिंग लावावें लागलें. तें त्या झूमच्या शंभराहून अधिक पट प्रकाश घेई. त्याच्यासमोर नटांना मान पुढेंमागें करण्याचीही चोरी, कारण वीतभर हालचालीनें चेहरा अस्पष्ट होई.

पुढें संगणकानें गणिताचें ओझें उचललें, झूम भिंगें सुधारलीं आणि घरोघर पोहोंचलीं. आजच्या खिशांतील टेलिफोनच्या पाठीवर मात्र बहुधा दोन किंवा तीन निरनिराळीं भिंगें शेजारीं शेजारीं बसलेलीं दिसतात, कारण त्या पातळ डबींत काचा पुढेंमागें सरकविण्यास जागाच नाहीं. फ्रेंच छायाचित्रकाराची ती पेटी पुन्हां बाहेर निघाली आहे. फक्त भिंगें नळींत बसविण्याचें काम बोटानें पडद्याला स्पर्श करण्यावर आलें आहे.