खाडाखोड

हिशेबाची अक्कल आमच्या घराण्यात एक पिढी सोडून येते, आणि सुटलेली पिढी नेमकी माझी. तेहेतीस वर्षं मी हायस्कुलात इतिहास शिकवला. पानिपतची तारीख झोपेतून उठवून विचारा, सांगेन. पण घरच्या दुधाचा महिन्याचा हिशेब गवळ्याच्या आणि माझ्या वहीत कधी एक आला नाही, आणि दर वेळी गवळीच बरोबर निघाला. अशा माणसाला २०२३ च्या मार्च महिन्यात थोरल्या भावाचा फोन आला.

"उद्या सकाळी कारखान्यावर ये. हिशेबाचं सॉफ्टवेअर निवडायचंय."

"दादा, मी काय निवडणार?"

"तू शिकलेला आहेस."

हे वाक्य दादानं माझ्याबद्दल यापूर्वी एकदाच उच्चारलं होतं. माझ्या लग्नाच्या बैठकीत, तेही मुलीच्या वडिलांनी पगाराचा आकडा विचारल्यावर.

कारखाना हा शब्द तसा दादाचा. १९८२ साली सांगलीत वहिनीनं घरी गोडा मसाला आणि मेतकूट करून विकायला सुरुवात केली, तेव्हा कारखान्याची यंत्रसामग्री म्हणजे एक खलबत्ता, दोन सुपं आणि सुट्टीच्या दिवशी मी. आता तिथं चौतीस माणसं कामाला आहेत, पाकिटं दुबईपर्यंत जातात, आणि पुतण्यानं २०२२ मध्ये धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करून टाकली आहे. वहिनी डायरेक्टर झाली. खलबत्ता ऑफिसात काचेच्या कपाटात गेला. मला अजून कपाट मिळालेलं नाही.

आणि दिवाणजी आहेत. ते १९८६ साली आले, येताना स्वतःचा दौत-टाक आणि स्वतःचं मत घेऊन आले. लाल कापडी बांधणीची, दोऱ्यानं शिवलेली वही. पानापानावर आधीच घातलेला अनुक्रम. लक्ष्मीपूजनाला पहिल्या पानावर वर मधोमध 'श्री'. रोजची कीर्द रोज, खतावणी आठवड्याला, आणि महिनाअखेर तेरीज जुळल्याशिवाय माणूस जेवायला उठत नसे. आकडा चुकला तर खोडायचा नाही, अशी त्यांची शिस्त. चुकलेल्या आकड्यावर एक बारीक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही. एकदा मी उत्साहानं त्यांना खोडरबर भेट दिला होता. त्यांनी तो घेतला आणि त्याच दुपारी चहावाल्याच्या पोराला शाळेसाठी देऊन टाकला.

तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअर निवडायला या जुन्या वह्या कशाला? पण मी पडलो इतिहासाचा मास्तर. भाजी कुठली घ्यावी हे विचारलं तरी मी बटाटा हिंदुस्थानात केव्हा आला तिथून सुरुवात करतो. बैठकीला रिकाम्या डोक्यानं जाऊ नये म्हणून त्या रात्री मी जागून वाचलं.

हिशेबाच्या इतिहासात तसं आपल्याकडेही कमी नाही. देवगिरीच्या यादवांचा हेमाडपंत श्रीकरणाधिप होता, म्हणजे दप्तराचा मुख्य; शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत राज्याचा जमाखर्च पाहायला अमात्य होते. पण व्यापाऱ्यानं वही कशी ठेवावी हे छापून सांगणारा पहिला गाजलेला माणूस निघाला तो इटलीतला. लुका पाचोली नावाच्या एका फ्रान्सिस्कन संन्याशानं १४९४ साली व्हेनिसमध्ये गणिताचा एक जाडजूड ग्रंथ छापला. त्यातल्या एका भागात द्विनोंदी जमाखर्चाची रीत आहे. ती त्यानं शोधून काढली नाही. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासूनच वापरत होते. यानं ती नीट समजावून दिली, इतकंच. थोडक्यात, मास्तर होता. (त्याच्या दुसऱ्या एका ग्रंथासाठी आकृत्या लिओनार्दो दा विंचीनं काढून दिल्या. आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर मला भारताचा नकाशासुद्धा काढून देत नसत.)

हा पाचोली सांगतो, तीन वह्या ठेवा: टिपणवही, रोजकीर्द, खतावणी. वहीच्या आरंभी देवाचं नाव घाला, पहिल्या वह्यांवर क्रूस काढा. म्हणजे दिवाणजींचा 'श्री'च! पुढं तो म्हणतो, काही गावांत व्यापारी आपल्या वह्या अधिकाऱ्याकडे नेऊन नोंदवून, शिक्का मारून आणतात, ही रीत फार चांगली; कारण पुष्कळ लोक दोन दोन वह्या ठेवतात, एक विकणाऱ्याला दाखवायला आणि एक घेणाऱ्याला. हे वाचल्यावर तो पाचशे वर्षांपूर्वीचा परदेशी संन्यासी मला एकदम आपल्या मार्केट यार्डातला वाटायला लागला.

कॉम्प्युटरच्या बाबतीत माझी समजूत अशी होती की त्याचा जन्म तोफा आणि अणुबाँबच्या आकडेमोडीत झाला असणार. ते खरंच आहे, पण त्याला पहिल्यांदा धंद्याच्या कामाला कोणी जुंपलं असेल? चहावाल्यांनी! लंडनच्या जे. लायन्स अँड कंपनीची चहाची दुकानं होती, पाव-केकच्या भट्ट्या होत्या. धंदा इतका वाढला की रोजची चिल्लर बिलं जुळवता जुळवता कारकुनांची फौज पुरेना. १९४७ साली त्यांचे दोन अधिकारी अमेरिकेला जाऊन कॉम्प्युटर काय असतो ते बघून आले. मग कंपनीनं केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला तीन हजार पौंडांची मदत केली आणि त्याच धर्तीवर स्वतःचा बांधला. नाव 'लिओ'. नोव्हेंबर १९५१ मध्ये या लिओनं भट्ट्यांच्या मालाचा आठवड्याचा हिशेब करायला घेतला. बाजारात हवं तसं मिळेना म्हणून घरीच केलं. वहिनीनं मसाला याच कारणासाठी सुरू केला होता.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला १९९४ मध्ये. गावातल्याच एका हुशार मुलानं खास आमच्यासाठी प्रोग्रॅम लिहून दिला. त्यात प्रत्येक खात्याला कोड होता. जोशी एक, जोशी दोन, असे गिऱ्हाइकांतले जोशी अकरापर्यंत गेले. दिवाणजींना माणसं नावानं, गावानं आणि उधारीच्या सवयीनं माहीत, "जोशी सात म्हणजे ते मिरजेचे, उशिरा देणारे का लवकर देणारे?" असं त्यांनी विचारलं की कॉम्प्युटर गप्प. पुढं अमेरिकेला दोन हजार सालाची अडचण पडली, तारखांची, आणि ती सोडवायला आमचा हुशार मुलगा तिकडे गेला. एक जानेवारी २००० ला आमच्या कॉम्प्युटरनं बिलावर १९०० साल छापलं. अमेरिकेची अडचण सुटली, आमची ऑफिसातच राहिली.

गंमत म्हणजे या कोडाच्या कटकटीतून बाहेर पडायची वाट दिवाणजी आमच्याकडे आले त्याच साली सुरू झाली होती. बंगळूरचे श्यामसुंदर गोयंका गिरण्यांना नि कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. आपल्या हिशेबाला चालेल असं सॉफ्टवेअर त्यांना मिळेना. मुलगा भरत गणिताचा पदवीधर. त्याला म्हणाले, तूच कर. १९८६ मध्ये त्यांनी कंपनी काढली, आणि जे झालं ते पुढं 'टॅली' म्हणून घराघरांत, निदान दुकानादुकानांत गेलं. त्यात खात्याला कोड लागत नव्हता. नाव लिहिलं की झालं. २०२० मध्ये त्या मुलाला पद्मश्री मिळाली. बापानं सांगितलेला हिशेब पोरानं ऐकल्याचं हे माझ्या माहितीतलं एकमेव उदाहरण.

महाराष्ट्रात एक एप्रिल २००५ ला व्हॅट आला आणि आमच्याकडेही बाजारातलं एक तयार सॉफ्टवेअर आलं. दिवाणजी एका बोटानं टाइप करायला शिकले. लाल वही मात्र त्यांनी सोडली नाही. दिवसभर कॉम्प्युटर, आणि संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी अर्धा तास वही. दादा हसायचा. मीही हसायचो.

२०१४ च्या मार्चअखेर तेरीज जुळेना. वहीत एका जुन्या बिलाचे तेवीस हजार चारशे रुपये येणे, आणि कॉम्प्युटरमध्ये ते बिलच तेवढ्यानं लहान. कॉम्प्युटरवर बसणारे दोघेच: दिवाणजी आणि काउंटरवरचा मुलगा. सीएच्या ऑफिसातून आलेला तरुण म्हणाला, "वही हातानं लिहिलेली आहे, हातानं काय वाटेल ते लिहिता येतं." कॉम्प्युटरमध्ये आधी काय होतं, कुणी बदललं, केव्हा बदललं, याचा मागमूस नाही. आकडा जणू जन्मापासून तेवढाच. कुणी दिवाणजींना चोर म्हटलं नाही. पण कुणी 'नाही' असंही म्हटलं नाही, मीही नाही. अठ्ठावीस वर्षांत मुलीच्या लग्नाला अर्धा दिवस रजा घेतलेला माणूस तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला, खाली मान घालून कामाला बसला, आणि चहाला आमच्याबरोबर उठेनासा झाला.

मे महिन्यात एका मुंजीत वहिनीचा भाऊ भरपंगतीत दादाला म्हणाला, "दाजी, तेवढे तेवीस हजार सोडलेत, जन्मभर विसरणार नाही." दादाचा जिलबीचा हात तोंडापाशीच थांबला. मेहुणा अडचणीत होता, दादानं एका रात्री स्वतः कॉम्प्युटर उघडून त्याचं जुनं बिल कमी केलं होतं आणि साफ विसरून गेला होता. कॉम्प्युटरही त्याच्यापेक्षा साफ विसरला होता.

संध्याकाळी दादा पेढे घेऊन दिवाणजींच्या घरी गेला. मी बरोबर होतो. बराच वेळ कुणी बोललं नाही. दिवाणजींनी चहा दिला आणि म्हणाले, "मालक, वहीत एक रेघ मारली असती तरी चाललं असतं."

मग २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. पापडाला शून्य, मसाल्याला पाच, लोणच्याला बारा टक्के. एकाच ताटातल्या तीन पदार्थांना तीन कायदे. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. कॉम्प्युटर बुडाला. त्याचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतलेला होता, आणि पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खालच्या खणात होता. वह्याही बुडाल्या, पण दिवाणजींनी दौत-टाक सोडून बॉलपेन धरला होता. मिरच्या वाळवायच्या गच्चीवर वह्या वाळवल्या. निम्म्याहून अधिक पानं वाचता आली. पुतण्यानं तीन महिने बसून ती पुन्हा कॉम्प्युटरमध्ये भरली, आणि त्यानंतर त्याला वहीबद्दल हसताना मी पाहिलं नाही.

तर अशा घरात त्या सकाळी सॉफ्टवेअर दाखवायला तीन जण आले. पुतण्याचे प्रश्न तयार होते: एकाच वेळी पाच जणांना काम करता येईल का, मालाचा लॉट आणि मुदत कळेल का, उद्या तुम्हाला सोडलं तर आमची माहिती आम्हाला काढून नेता येईल का. हा शेवटचा प्रश्न ऐकून पहिल्या तरुणानं घाम पुसला. दुसरा म्हणाला, एकदम पैसे नकोत, महिन्याला भरायचे. "हिशेब माझा आणि भाडेकरूही मीच?" दादा म्हणाला. तो घाईनं म्हणाला, "पण सर, सगळं क्लाउडवर राहतं! ढगात. पूर आला तरी काळजी नाही."

"पूर तिथूनच येतो," दिवाणजी म्हणाले.

तरी ढगाची गोष्ट त्यांना पटली होती. पुरात भिजलेल्या माणसाला पटतेच. त्यांनी तिघांनाही एकच प्रश्न विचारला: "खोडलेलं दिसतं का?"

पहिल्याला प्रश्नच समजला नाही. दुसऱ्यानं हळूच सांगितलं, "दिसतं काका, पण तुम्हाला नको असेल तर बघू काहीतरी." त्याला पुतण्यानं चहा देऊन निरोप दिला. तिसऱ्यानं एक बिल भरलं, आकडा बदलला आणि एक कळ दाबली. पडद्यावर आधीचा आकडा, नंतरचा आकडा, तारीख, वेळ, बदलणाऱ्याचं नाव. "आता कायदाच आहे," तो म्हणाला. कायदा खरंच होता. कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरनं प्रत्येक बदलाची नोंद ठेवलीच पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असा नियम सरकारनं २०२१ मध्ये केला. लागू करायचा होता एक एप्रिल २०२१ पासून. मग २०२२ झालं, मग २०२३. सरकारनं आपली तारीख दोनदा बदलली, पण राजपत्रात तिन्ही तारखा वाचता येतात. दिवाणजींच्या पद्धतीनंच.

दिवाणजी पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग दादाकडे बघितलं. दादा खिडकीबाहेर बघत होता.

तिसरं घेतलं. नाव सांगत नाही, कमिशन मिळणार नाही.

एक एप्रिलला वहिनीनं कॉम्प्युटरला हळद-कुंकू वाहिलं. पुतण्यानं कीबोर्डवर आधीच प्लॅस्टिक घातलं होतं. दिवाणजी बसले आणि एका बोटानं पहिलं खातं उघडलं: 'श्री'. सॉफ्टवेअरनं विचारलं, हे खातं कुठल्या गटात? मालमत्ता की देणी? दिवाणजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि 'देणी' निवडलं.

वर्षअखेरीला सीएंचा माणूस आला. "हे श्री कोण? व्यवहार काहीच नाही, बाकी शून्य." पुतण्या ओशाळला आणि त्यानं ते खातं काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी बदलांची नोंद उघडली. खातं काढल्याची तारीख, वेळ आणि पुतण्याचं नाव तिथं होतं. त्यांनी ते वाचलं, पुतण्याला काही बोलले नाहीत आणि खातं पुन्हा उघडलं. गट: देणी.